ओल्या सावलीतल्या घराला अंगरखा कोणता?

प्रतिनिधी

दसऱ्याच्या सुमारास पावसाचा जोर ओसरतो आणि घाटमाथ्यावरच्या बंगल्यांची कुलुपे उघडू लागतात. मे महिन्यात हौसेने रंगविलेली भिंत चार महिन्यांत काळीहिरवी पडलेली असते. रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात, जोत्यालगतचा गिलावा फुगलेला असतो आणि आत पाऊल टाकताच कुबट वास येतो. घरमालक कंत्राटदाराला बोल लावतो, कंत्राटदार रंगाच्या कंपनीला. वास्तविक तोच रंग पुण्यातल्या घरावर पाच-सहा वर्षे सुखाने टिकलेला असतो. दोष पुष्कळदा रंगाचा नसतो, निवडीचा असतो. शहरातल्या भिंतीचा अंगरखा आपण जंगलातल्या भिंतीला चढवलेला असतो.

महाबळेश्वर, माथेरान, आंबोली किंवा कोकणातली एखादी झाडांनी वेढलेली वाडी अशा ठिकाणी घर बांधणाऱ्या शहरवासीयांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. घराचा आराखडा, खिडकीतून दिसणारी दरी, स्वयंपाकघरातला ओटा यांवर महिनोन् महिने चर्चा होते. बाहेरच्या भिंतीला काय लावायचे, हा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यात रंगाच्या तक्त्यावर बोट ठेवून सोडवला जातो. दमट, सावलीच्या प्रदेशात घराचे आयुष्य बऱ्याच अंशी याच निर्णयावर अवलंबून असते.

भिजण्यापेक्षा वाळणे महत्त्वाचे

पुण्यात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला तो साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो आणि आंबोलीला त्याहूनही अधिक. परंतु प्रश्न केवळ पावसाच्या आकड्याचा नाही. मुंबईतही भिंत भिजते, पण उघडीप मिळताच ऊन आणि वारा तिला वाळवतात. घाटमाथ्यावर दिवसेंदिवस धुके उतरते, झाडांची सावली हटत नाही, वारा अडतो. भिंत वाळायच्या आत पुन्हा भिजते. शेवाळ आणि बुरशी यांना हवी असते ती हीच सततची ओल.

अशा घराच्या चारही भिंती सारख्या नसतात, हेही ध्यानात घ्यायला हवे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर येणारी झड पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर आपटते. तिथे प्रश्न पाण्याच्या माऱ्याचा असतो. उत्तरेच्या भिंतीला मारा कमी, पण पावसाळा संपल्यावर हिवाळाभर तिला ऊन मिळत नाही. तिथे प्रश्न न वाळण्याचा असतो. साऱ्या घराला एकच उपाय करणे म्हणजे दोन निरनिराळ्या रोग्यांना एकच पुडी देणे होय.

म्हणूनच कोणतेही आवरण निवडताना दोन प्रश्न विचारावेत. ते पाणी किती अडवते, हा पहिला. आणि तरीही आत शिरलेले पाणी ते बाहेर जाऊ देते का, हा दुसरा. बाजारात पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या अक्षरात छापलेले असते. सावलीतल्या घराचे भवितव्य दुसऱ्यावर ठरते.

जुन्या गोव्याचा धडा

या संदर्भात जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिकाचे उदाहरण बोलके आहे. १५९४ साली बांधायला घेतलेली आणि १६०५ साली पूर्णत्वास गेलेली ही वास्तू जांभ्या दगडाची आहे. शतकानुशतके तिच्या अंगावर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या सुमारास, पोर्तुगीज राजवटीतच, मूळ दगडाचे रूप दिसावे म्हणून तो काढून टाकण्यात आला. आज पर्यटकांना ओळखीचा झालेला तांबूस, उघड्या दगडाचा दर्शनी भाग म्हणजे त्या निर्णयाचे फळ. पण उघडा पडलेला जांभा पावसाच्या माऱ्याने झिजत गेला. २०२०मध्ये खुद्द तेथील धर्मगुरूंनी वास्तूच्या स्थितीबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही, यावर गोव्यात मोठी चर्चा झडली.

चुन्याचा तो थर नुसता शोभेचा नव्हता. दगडाच्या वाटची झीज तो स्वतः सोसत होता. गिलावा झिजला तर पुन्हा लावता येतो. दगड झिजला तर तो गेलाच. गोव्यातील आणि कोकणातील जुन्या घरांना पावसाळ्यानंतर दरवर्षी चुन्याची सफेदी काढण्याचा जो प्रघात होता, त्यामागे सणाच्या उत्साहाइतकेच हे व्यवहारज्ञान होते.

जांभा: उघडा ठेवावा का?

जांभा हा लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी समृद्ध, सच्छिद्र दगड. खाणीतून काढल्यावर तो तुलनेने मऊ असतो, हवेत राहिल्यावर टणक होतो. म्हणून ताजा चिरा लगेच भिंतीत बसवू नये. काही महिने उघड्यावर ठेवलेला चिरा घ्यावा. त्याच्या पोकळ्यांत पांढुरकी किंवा पिवळी माती जास्त दिसत असेल तर तो बाजूला काढावा, कारण ती माती पावसात धुऊन जाते आणि दगड पोखरला जातो. सांध्यांच्या दर्जा भरताना सिमेंटचे प्रमाण वाढवण्याचा मोह टाळावा. दर्ज दगडापेक्षा कठीण झाली तर ओल दगडातूनच ये-जा करते आणि दगडच आधी झिजतो.

खोल वळचणीखाली किंवा पडवीच्या आत असलेली जांभ्याची भिंत उघडी ठेवायला हरकत नाही. ती सुंदर दिसते आणि टिकतेही. झडीच्या तोंडावरची भिंत मात्र उघडी ठेवू नये. तिच्यावर चकचकीत, पापुद्रा धरणारे वॉर्निश फासणे हा तर सर्वांत वाईट उपाय, कारण ओल त्याच्यामागे कोंडते आणि थर पांढरट होऊन सुटू लागतो.

चुना की सिमेंट?

चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. तो वाफेला वाट देतो, भिंतीच्या बारीकसारीक हालचाली सहन करतो आणि ताजा असताना अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीला प्रतिकूल असतो. त्याच्या अडचणीही खऱ्या आहेत. जाणते गवंडी कमी राहिले आहेत, काम सावकाश चालते आणि पावसाळ्यापूर्वी त्याला निदान तीन-चार कोरडे महिने मिळावे लागतात. एप्रिलमध्ये चुन्याचा गिलावा करायला घेणे म्हणजे जूनमध्ये तो वाहून जाताना पाहणे.

सिमेंटचा गिलावा लवकर होतो आणि सर्वत्र होतो. मात्र सिमेंट जितके अधिक तितका तो आकसतो आणि तडकतो. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत खेचले जाते, पण त्याच भेगेतून ते सहज बाहेर पडत नाही. एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असे मिश्रण हा अशा ठिकाणी मध्यममार्ग ठरतो. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जिथे मिळतात, तिथे गिलाव्याआड जाळी बसवावी. भेगा बहुधा तिथूनच सुरू होतात. गिलावा निदान सात दिवस ओला ठेवावा. वरचा पृष्ठभाग फार खरबरीत ठेवू नये, कारण खाचाखोचांत धूळ, पालापाचोळ्याचे कण आणि शेवाळ ठाण मांडतात.

रंग किती जाड?

रबरासारखा ताणला जाणारा, भेगा झाकणारा जाड रंग ‘जलरोधक’ म्हणून विकला जातो. कोरड्या, उन्हातल्या भिंतीवर तो उपयोगी पडतो. पण जोत्यातून किंवा छपराच्या सांध्यातून भिंतीत आधीच पाणी येत असेल, तर तेच पाणी या रंगाला आतून ढकलते आणि फोड येतात. सावलीतल्या भिंतीसाठी वाफेला वाट देणारे रंग बरे. चुन्याच्या किंवा सिलिकेटच्या गिलाव्याशी एकजीव होणारे रंग त्यात मोडतात. ॲक्रिलिक घ्यायचा तर बुरशीनाशक घटक असलेला, पातळ थरांत द्यावा. हा घटक कायमचा नसतो, पावसाने धुतला जातो, याची जाणीव ठेवावी.

रंगापूर्वी एक साधी परीक्षा करावी. फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, तर भिंत अजून ओली आहे. घाटमाथ्यावर दिवाळीत रंग काढण्याची घाई करू नये. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ त्यासाठी योग्य.

पत्रा, फळ्या आणि टाइल

डोंगरगावांत पावसाच्या बाजूच्या भिंतीला पत्रा ठोकलेली घरे आजही दिसतात. त्याआधी, आणि काही ठिकाणी अजूनही, पावसाळ्यापुरत्या गवताच्या किंवा झावळ्यांच्या झडी बांधल्या जात. शहरी नजरेला हे दरिद्री वाटते, पण त्यातले तत्त्व अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. मारा सोसणारे आवरण वेगळे, भिंत वेगळी आणि दोहोंमध्ये हवा. हेच तत्त्व नव्या साहित्याने नीटनेटके अमलात आणता येते. भिंतीवर उभ्या पट्ट्या ठोकून, २० ते २५ मिलिमीटर पोकळी सोडून, त्यावर रंगीत पत्रा किंवा फायबर सिमेंटच्या फळ्या बसवाव्यात. पोकळी खाली आणि वर उघडी ठेवून तिथे किड्यांसाठी बारीक जाळी लावावी. झडीच्या भिंतीसाठी याहून खात्रीचा उपाय नाही. शिवाय हे साहित्य वजनाला हलके असल्याने माथेरानसारख्या मोटारबंदीच्या गावी वाहतुकीचा भारही कमी होतो. पत्र्याच्या कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोके येथून गंज शिरतो. फायबर सिमेंटच्या कापलेल्या कडा पाणी पितात. म्हणून कडांना रंग देणे विसरू नये. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र स्वतः कापू वा फोडू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

लाकडाचा मोह अनेकांना होतो. लाकडातील ओल २० टक्क्यांच्या वर राहू लागली की ते कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो आणि सावलीतल्या घरात पावसाळाभर हीच स्थिती असते. लावायचेच तर सागाच्या गाभ्याच्या फळ्या, पोकळी सोडून, वळचणीखाली आणि जमिनीपासून दीड-दोन फूट वर लावाव्यात. फळीची टोके सर्वांत जास्त पाणी शोषतात. ती बसवण्यापूर्वीच तेल वा रंगाने बंद करावीत. वाळवीचा बंदोबस्त तर हवाच.

दगडाच्या पातळ टाइल थेट भिंतीवर चिकटवण्याची सध्या चलती आहे. चिकटवताना मागे पोकळ जागा राहिल्या तर त्यांत पाणी साचते, भिंतीला लोणा लागतो आणि एखाद्या पावसाळ्यात टाइल सुटून खाली येते. टाइल बोटाने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर ती पुन्हा बसवून घ्यावी. पहिल्या मजल्याच्या वर त्या न लावणेच शहाणपणाचे.

वळचण आणि जोते

कोणतेही आवरण निवडले तरी त्याचे आयुष्य छप्पर आणि जोते ठरवतात. अडीच-तीन फूट बाहेर आलेली वळचण भिंतीला जे संरक्षण देते, ते कोणत्याही डब्यातून मिळत नाही. कोकणातल्या घराभोवतीची पडवी ही बसाउठायची जागा होती, तशीच ती मुख्य भिंतीची छत्रीही होती. शहरी धाटणीचे सपाट, बिनवळचणीचे चौकोनी घर दिमाखदार दिसते खरे, पण घाटमाथ्यावर ते उघड्या डोक्याने उभे असते. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून उडते ते जोत्यापाशी. तिथे पन्हळ लावावी किंवा खाली खडी पसरून उताराचा चर काढावा. जोते उंच ठेवावे आणि त्यावरचा ओलरोधक थर बाहेरच्या गिलाव्याने किंवा बागेच्या मातीने ओलांडला जाणार नाही, हे पाहावे.

झाडावर कुऱ्हाड नको

ओल येते म्हणून भोवतालची झाडे तोडावीत, असा सल्ला अनेकदा मिळतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१मध्ये आणि माथेरान २००३मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तेथे बांधकाम आणि वृक्षतोड यांवर निर्बंध आहेत. अन्यत्रही अनेक झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. पण कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी, ज्या सावलीसाठी आपण इथे आलो तीच नाहीशी करून भिंत वाचवणे हा कसला सौदा? झाडे झडीचा जोरही अडवतात. भिंतीला टेकलेल्या फांद्या रीतसर छाटाव्यात, वेली भिंतीवर चढू देऊ नयेत, पन्हळीतला पाला काढावा, भिंतीलगत दोन-तीन फूट मोकळी जागा ठेवावी. वारा खेळण्यास एवढे बहुधा पुरते.

वर्षाचे वेळापत्रक

मे महिन्यात पन्हळी साफ कराव्यात, भेगा बुजवाव्यात, झडी बांधाव्यात. ऑक्टोबरमध्ये भिंतीवरून एकदा फेरी मारून डाग कुठे पडले ते टिपून ठेवावे, कारण डाग पाण्याची वाट सांगतो. हिवाळ्यात शेवाळ ताठ, पण तारेच्या नसलेल्या ब्रशने काढावे. पातळ ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरल्यास नंतर भिंत धुऊन घ्यावी आणि ते कधीही ॲसिडमध्ये मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. जांभ्यावर वा चुन्यावर जोरदार फवाऱ्याचे यंत्र चालवू नये. भिंत पूर्ण वाळल्यावरच डागडुजी करावी.

‘एकदा करा, विसरून जा’ असे आश्वासन देणारे आवरण या हवेत मिळत नाही. दरवर्षी थोडे झिजणारे आणि दरवर्षी थोडक्यात दुरुस्त होणारे आवरणच इथे दीर्घायुषी ठरते. ज्यांना वर्षातून दोनदाही घराकडे फिरकणे जमणार नाही, त्यांनी भिंतीचा रंग निवडण्याआधी याचा विचार केलेला बरा.