सावनेर ते धापेवाडा : आपल्या भागातील वारीची वाट

वारी म्हटली की पंढरपूर डोळ्यांपुढे येते. पण सावनेरपासून पंढरपूर ६०० किलोमीटरहून अधिक दूर. आणि आषाढ म्हणजे डवरण-निंदणाचे ऐन दिवस. कास्तकाराने शेत सोडून महिनाभर चालावे कसे? या अडचणीचे उत्तर धापेवाड्याने दिले.

संत कोलबास्वामी धापेवाड्याहून पंढरीची वारी करीत. वृद्धापकाळी पावले थकली, तेव्हा विठ्ठलच त्यांच्या गावी आला व विहिरीत मूर्ती सापडली, अशी परंपरा आहे. एकादशी पंढरीची, म्हणून येथील यात्रा आषाढी पौर्णिमेस भरते. येथील नदीचे नावही चंद्रभागाच.

सावनेरहून कळमेश्वरच्या रस्त्याने हे क्षेत्र लागते. जवळच अदासा येथे टेकडीवर शमी विघ्नेशाची सुमारे १२ फूट उंच मूर्ती आहे. बळीकडे जाण्यापूर्वी वामनाने येथे गणेशाराधना केली, अशी कथा सांगतात. पहाटे निघालेल्या भाविकास एका दिवसात दोन्ही दर्शने घडतात.

१९१३ साली नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी सावनेरवरून धावू लागली; २०१५ साली ती थांबली. ती होती तेव्हाही सावनेरला उतरून धापेवाड्याची वाट निराळीच धरावी लागे.

देवळाचा जीर्णोद्धार दात्यांच्या हातून होतो. वाट मात्र चालणाऱ्यांच्या पायांनीच टिकते. ज्यांना पंढरी गाठणे शक्य नाही, त्यांच्यासाठी या वाटेवर झाड लावणे, तहानलेल्यास पाणी देणे, हेही देवकार्यच होय.