चतुर (भटका) व चिचुंदरी : भिवंडी परिसर

ठाणे जिल्ह्यातील भिवंडीची भातखाचरे, कामवारी नदीचा काठ व गोदामांची आवारे येथे आढळणारे दोन कीटकभक्षी प्राणी. पहिला स्वतः कीटक, दुसरा सस्तन.

वर्गीकरण : भटका चतुर (पँटाला फ्लॅव्हेसेन्स) ओडोनाटा गणाच्या लिबेल्युलिडी कुलातील, फॅब्रिसियस यांनी 1798 मध्ये वर्णिलेला. चिचुंदरी (सन्कस म्युरिनस) सोरिसिडी कुलातील, लिनीअस, 1766. तिला सर्रास उंदीर समजून मारतात. ती कृंतक नव्हे. या नावाखाली एकाहून अधिक जाती असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात.

चतुर : रंग पिवळसर सोनेरी, लांबी सुमारे 4.5 सेंमी. मागचे पंख बुडाशी रुंद असल्याने तो वाऱ्यावर तरंगत, थोड्या श्रमात दीर्घकाळ उडतो. जातीच्या जगभर प्रसाराचे खरे कारण मात्र पाण्यात आहे. अनेक चतुरांच्या अर्भकांना वाढायला कित्येक महिने लागतात. भटक्या चतुराच्या अर्भकांची वाढ साधारण 6 ते 9 आठवड्यांत पुरी होते व डबके आटण्यापूर्वी नवी पिढी उडून जाते. मालदीव बेटांवर प्रजननायोग्य असे उघडे गोडे पाणी जवळजवळ नाही, तरी ऑक्टोबरपासून तेथे याचे थवे उतरतात. त्यावरून जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये भारत ते पूर्व आफ्रिका आणि परत, असे 14 ते 18 हजार किमी.चे स्थलांतर मांडले. ते एका जिवाचे नव्हे, सुमारे चार पिढ्यांचे. परतीचे पुरावे बहुतांशी अप्रत्यक्ष आहेत. भिवंडीत पावसाळ्यात खाचरांवर घिरट्या घालणारे थवे याच जातीचे असतात. गोदामासाठी भराव घालून बुजवलेल्या प्रत्येक खाचराबरोबर प्रजननाची एक जागा जाते. भूखंडाच्या नकाशात ती मोजली जात नाही, जायला हवी.

चिचुंदरी : डोके व धड मिळून 10 ते 15 सेंमी. कुशीवरील ग्रंथींचा वास उग्र. झुरळे व इतर कीटक खाते. गर्भावधी सुमारे 30 दिवस. पिल्ले एकमेकांना दातांनी धरून आईमागे रांगेने चालतात.

तुलना : चतुर दिनचर असून सर्वस्वी दृष्टीवर विसंबतो, उडते भक्ष्य कुठे पोहोचेल याचा अंदाज घेऊन ते हवेतच पकडतो. चिचुंदरी निशाचर, दृष्टीने अधू. गंध, श्रवण व स्पर्श यांवर तिचा भर. दोघांत स्पर्धा नाही. काँक्रीटीकरणात चतुर जागा गमावतो, चिचुंदरी भिंतीकडेने टिकून राहते.

आर्थिक महत्त्व : चतुराची अर्भके डासांच्या अळ्या खातात. चिचुंदरीच्या अंगावर प्लेगवाहक पिसवा आढळतात.