खुर्चीचे चार पाय

इतिहासकार किल्ल्यावर गेले की तट मोजतात, बुरूज मोजतात, तोफा मोजतात. जमिनीकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. सगळे पराक्रमी पुरुष शेवटी कुठे ना कुठे बसलेच असतील; पण कशावर बसले आणि खालच्या जमिनीचं काय झालं, याबद्दल बखरी मूग गिळून आहेत.

आमच्या पूर्णगडाचंच घ्या. मुचकुंदीच्या मुखाशी टेकडीवर बसलेला हा जांभ्या चिऱ्यांचा चिमुकला किल्ला. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तो इंग्रजी अमलाखाली गेला, एवढं पुस्तकात सापडतं. पण माझ्या मते कोकणातल्या घरांवरचं खरं आक्रमण त्यानंतरचं. ते खुर्चीचं.

त्याआधीचं आमचं घर म्हणजे जमिनीला धक्का न लावण्याची एक अखंड योजनाच होती. कपडे खुंटीवर, दिवा कोनाड्यात, डबे फडताळात, म्हणजे भिंतीच्या पोटात. झोपाळा तुळईला टांगलेला. अख्ख्या माणसाला बसवून जमिनीवर ओरखडासुद्धा न उमटवणारं दुसरं फर्निचर दाखवा बघू! उरला पाट. त्याला पाय नाहीत, खाली दोन आडव्या पट्ट्या. साठ किलोचा गृहस्थ पाटावर बसला की पट्ट्यांच्या छत्तीसएक चौरस इंचांवर त्याचा भार वाटला जातो. इंचाला पावणेदोन किलोसुद्धा येत नाही. तोच गृहस्थ इंच-इंच पायांच्या खुर्चीवर बसला की प्रत्येक पायाखाली पंधरा किलो. गप्पा रंगल्या आणि तो मागच्या दोन पायांवर रेलला, की तीस! म्हणजे गप्पा जितक्या फर्मास, तितका खड्डा खोल.

आणि जमीन कसली? माती घालायची, पाणी मारायचं, चोपण्यानं चोपचोप चोपायची आणि वर शेणाचा हात फिरवायचा. हौस असेल तर विजेरीचे जुने सेल फोडून आतली काळी पूड शेणात कालवायची, की जमीन कशी पाटीसारखी काळीभोर. पावसाळ्यात ओल आली की तीच जमीन लोण्यासारखी मऊ.

अशा जमिनीवर मुंबईच्या चाकरमान्यांनी खुर्ची आणली. त्यांचाही दोष नव्हता. १८५९ साली व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीनं लाकूड वाफेवर वाकवून एक सुबक खुर्ची काढली. सुटी करून खोक्यात भरता येई, त्यामुळे ती जगभर गेली. त्याच घाटाच्या खुर्च्या पुढे मुंबईच्या इराण्यांकडे आल्या. इराण्याकडे खाली फरशी होती, हे आमच्या काकांनी लक्षात घेतलं नाही. त्यांनी तसली एक खुर्ची बोटीनं रत्नागिरीला, पडावातून धक्क्यावर आणि पुढे बैलगाडीतून घरी आणली. ओटीवर मांडली. काका ऐटीत बसले आणि दोन बोटं खाली गेले.

आजी म्हणाली, "अरे, हिला आधी पाट दे बसायला!"

खरोखरच खुर्चीला पाट मिळाला. मग करवंट्या झाल्या, फळकुटं झाली, जुन्या स्लिपरांचे गोल तुकडे झाले. ही काही आजीचीच अक्कल नव्हे. जपानात चटयांच्या जमिनीवर ठेवायच्या फर्निचरला पायांखाली आडव्या पट्ट्या लावतात, म्हणजे चटई दबत नाही. आमच्या पाटाचंच तत्त्व!

तरी खड्डे पडतच. ते बुजवायचं कुणी? सारवलेली जमीन फार क्षमाशील, असं आम्ही पुरुषमंडळी मोठ्या प्रेमानं लिहितो. क्षमा जमीन करत नव्हती. क्षमा आजीचे दोन गुडघे करत होते, दर आठवड्याला, ओटीपासून माजघरापर्यंत.

मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबीयांनी 'भारत फ्लोअरिंग टाइल्स' काढून सिमेंटची स्वदेशी फरशी सुरू केली होती. आमच्या ओटीपर्यंत फरशी पोचायला पुढची पन्नासेक वर्षं गेली. फरशी आली आणि भूमिका फिरल्या. आता खुर्ची रुतत नाही, ओरखडते. पण खरा गुन्हेगार खुर्ची नव्हेच, वाळू! मोस नावाच्या जर्मन पंडितानं १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी मांडली. तीत संगमरवर तिसऱ्या पायरीवर आणि वाळूतलं गारगोटीचं कण सातव्या. असा एक कण खुर्चीच्या पायाखाली सापडला की कल्याणच. पायांना फेल्ट लावावं, तर त्यात वाळू रुतून त्याचा पॉलिशपेपर होतो, म्हणून ते वरचेवर झटकावं लागतं. रबर लावावं, तर पुष्कळदा त्याचा डाग बसतो. समुद्रकाठच्या घरात सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे पायरीवरची पाण्याची बादली. 'पाय धुऊन आत या' याला आम्ही सोवळं समजत आलो. ते फरशीचं शास्त्र निघालं.

फरशी बसली त्या दिवशी काका प्रत्येकाला बजावत होते, "खुर्ची उचलून ठेवा, ओढू नका!" आजी माजघरातून आली. इतक्या वर्षांत ती त्या खुर्चीवर कधी बसली नव्हती. तिनं खुर्ची धरली, खर्रकन ओढत दारापाशी नेली आणि पाय लांब करून बसली.

"अगं आई, फरशी!" काका कळवळले.

"पडू देत ओरखडे," आजी म्हणाली. "आता बुजवायचे मला नाहीत."