सांजवेळची प्रार्थना आणि राबणारं गाव

ढाणकीसारख्या गावात प्रार्थना-चिंतनाला निवांत वेळच मिळत नाही, ही तक्रार आपण सगळेच करतो. पण ती काही आजची नाही. तुकोबा दुकान-संसार मागं ठेवून भंडारा डोंगरावर जात. त्यांना एकांत हवा होता. ज्याला डोंगर गाठता येत नाही, त्यानं काय करावं? आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांनी याचं वेगळंच उत्तर दिलं.

१९०९ साली यावलीत जन्मलेले महाराज तरुणपणी स्वतः रानावनात राहिले. पुढे १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि साधना गावाच्या अंगणात आली: पहाटे सामुदायिक ध्यान, सांजेला सामुदायिक प्रार्थना. आता ही सांजेची वेळ पहा. कापूस वेचून, बैल बांधून माणूस घरी आलेला असतो, जेवायला अजून अवकाश असतो. नेमकी हीच फट त्यांनी हेरली, असं आम्हाला वाटतं. जात-पंथ न विचारता सगळ्यांनी एकत्र बसायचं. वेळ गावानं मिळून राखली, की एकेकट्याला ती शोधत बसावं लागत नाही. ग्रामगीतेत सामुदायिक प्रार्थनेला स्वतंत्र अध्याय आहे, तो उगाच नव्हे.

एक मात्र बोललंच पाहिजे. सांज ही चूल पेटायचीही वेळ. पुरुष प्रार्थनेला बसले, तेव्हा भाकरी कोण थापत होतं? ग्रामगीतेत महिलोन्नतीचाही अध्याय आहे, हे खरं. पण चुलीपुढून उठता कोणाला आलं, हे घरोघरच्या आज्याच सांगतील. आज घरी गेल्यावर त्यांना विचारा.