इस्पितळातली पाहुणी

दोन वर्षांपूर्वी चतुर्थी आटोपल्यावर आमच्या आईचा उजवा खुबा बदलला. 'बदलला' हा शब्द आम्ही घरात इतक्या सहज वापरतो, जणू नळाचा वायसर बदलला. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. सांधा झिजायला नेमकी सुरुवात कधी झाली हे घरात कोणालाच सांगता येणार नाही, कारण तिने सांगितलेच नव्हते. आदोळीवर बसून नारळ खवताना ती एक पाय लांब करून बसते, एवढेच आम्ही पाहत होतो. त्या वर्षी माटोळी बांधताना तिला साध्या स्टुलावर पाय ठेवता येईना, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "ही बाई इतके दिवस चालत होती?"

शस्त्रक्रिया छान झाली. पाठीच्या कण्याशी घातलेल्या बारीक नळीतून बधिरतेचे औषध जात होते, त्यामुळे पहिल्या दिवशी आई हसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नळी काढली. त्या रात्री तिच्याजवळ माझी पत्नी होती. पहाटे मी पेजेचा डबा घेऊन पोचलो, तर आईचा खालचा ओठ दातांनी चावून चावून सुजलेला. बेलचे बटण उशाशी जसेच्या तसे. पत्नीला जागे केले नव्हते, सिस्टरला बोलावले नव्हते. तक्त्यावर मात्र रात्रभर एकच आकडा होता. शून्य ते दहा यांत किती दुखते, असे सिस्टरने विचारले की आई म्हणे, दोन.

मी चिडलोच. तेव्हा ती म्हणाली, "परक्याच्या घरा परत परत मागूंक बरें दिसना रे."

मी सरकारी कारकून. अर्ज आल्याशिवाय फाइल हलत नाही, हे मी गेली वीस वर्षे लोकांना सांगत आलो आहे. आणि माझ्याच आईने अर्ज केला नव्हता! त्या दिवसांत बाकावर बसून बसून मी जे वाचले आणि पूर्वी वाचलेले जे आठवत राहिले, ते आज इथे मांडतो.

आईचे वाक्य शब्दाच्या दृष्टीने पाहिले तर चुकीचे नव्हते. आपण ज्याला इस्पितळ म्हणतो, तो शब्द पोर्तुगीज किंवा इंग्रजी, कोणत्याही वाटेने आला असे धरा, मूळ एकच. लॅटिनमध्ये 'होस्पेस' म्हणजे पाहुणा, आणि त्याच शब्दाचा अर्थ यजमान असाही होतो. मडगावकरांचा 'हॉस्पिसियो' त्याच कुळातला. इस्पितळ म्हणजे मुळात पाहुण्याचे घर.

आणि गोव्यात असे घर खरोखरच होते. अल्बुकेर्कच्या काळात जुन्या गोव्यात राजाचे इस्पितळ सुरू झाले. पुढे त्याचा कारभार जेजुइट पाद्रींकडे आला. फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल याचे जहाज 1602 मध्ये मालदीवजवळ फुटले. बरीच भटकंती आणि कैद भोगून 1608 मध्ये तो आजारी अवस्थेत गोव्यात पोचला आणि या इस्पितळात दाखल झाला. जगात याच्यासारखे इस्पितळ क्वचितच असेल, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. रंगवलेल्या खाटा, मऊ गाद्या, स्वच्छ कपडे, चिनी मातीची भांडी, वैद्यांच्या रोजच्या फेऱ्या... वाचताना वाटते की हा माणूस लग्नघरातून परतला आहे. अर्थात ही पाहुणचाराची सोय युरोपीय शिपायांसाठी होती. आपल्या पूर्वजांना त्या दारातून पाहुणे म्हणून प्रवेश नव्हता.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी दुसरा फ्रेंच, तावेर्निये, गोव्यात आला. त्याने लिहिले की इस्पितळाची जुनी कीर्ती आता उरलेली नाही. घोटभर पाणी हवे असले तरी सेवकांच्या हातावर काहीतरी ठेवावे लागते. इमारत तीच, नाव तेच. मागणाऱ्याचे ऐकणारा कोणी उरला नव्हता.

दुखण्यावर औषध नव्हते असे मात्र नाही. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्याचे नाव आहे, तो गार्सिया द ऑर्ता 1534 मध्ये हिंदुस्थानात आला. त्याचा औषधींवरचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात अफूवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि धोतऱ्याने माणसाला गुंगी आणून चोर कसे लुटतात तेही आहे. म्हणजे गुंगीचे ज्ञान होते, पण माणूस मरणार नाही इतक्याच प्रमाणात ती कशी आणावी हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. पुढे 1790 च्या दशकात पुण्यात एका कारागीर माणसाने कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचे कापलेले नाक कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवले. 1794 मध्ये लंडनच्या मासिकात ती हकिकत छापून आली आणि युरोप चकित झाला. हाताचे कसब तेव्हाही होते. पण कावसजीने ते सारे शुद्धीवर असताना सोसले.

सोसण्याची ही सक्ती संपली ती 16 ऑक्टोबर 1846 रोजी, अमेरिकेतल्या बोस्टन शहरात. विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका तरुणाच्या मानेवरची गाठ काढू दिली. पुढच्याच वर्षी एडिंबराच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला. या औषधाने काही रोगी टेबलावरच दगावत. ते का, हे शोधायला 1888 आणि 1889 मध्ये हैदराबादेत निजामाच्या खर्चाने दोन आयोग बसले. रेसिडेन्सीचे सर्जन लॉरी त्यांचे प्रमुख. त्यांचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. पण जगाने लक्ष द्यावे असे संशोधन दख्खनच्या भूमीवर झाले, आणि तिथे शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक ठरल्या, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

भूल आली म्हणून मोठ्या शस्त्रक्रिया शक्य झाल्या. बर्लिनच्या ग्लुकने 1890 च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले, ते टिकले नाहीत. 1946 मध्ये पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी ॲक्रिलिकचा गोळा बसवला. आणि इथे आमच्या आईने ऐकावी अशी गोष्ट येते.

इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांच्याकडे असाच ॲक्रिलिकचा सांधा बसवलेला एक रुग्ण आला. तक्रार अशी, की जेवणाच्या टेबलावर पुढे वाकले की खुबा करकरतो, इतका की बायको काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जाते! दुसरा कोणी डॉक्टर हसून विसरला असता. चार्नलींनी विचार केला, करकर म्हणजे घर्षण. घर्षण जास्त तर सांधा सैल होणार. तिथून त्यांचे सारे संशोधन सुरू झाले. गोळा लहान हवा, वाटी गुळगुळीत हवी. वाटीसाठी आधी टेफ्लॉन वापरले. सुमारे तीनशे रुग्णांना ते बसवले, आणि काही वर्षांत ते झिजून भोवतालचे हाड खराब झाले. हे अपयश त्यांनी लपवले नाही. त्या पदार्थाचे कण शरीरात काय करतात हे पाहायला त्यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले.

1962 मध्ये एक विक्रेता लँकेशायरच्या कापड गिरण्यांच्या चाकांसाठी बनवलेले नवे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन, दाखवायला आला. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिले आणि ते बाजूला सारले. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र ते यंत्रावर घासत ठेवले. दिवस गेले तरी ते झिजेना. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रायटिंग्टनच्या, एकेकाळी क्षयरोग्यांसाठी असलेल्या इस्पितळात, धातूचा गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी असलेला पहिला सांधा बसला. आईच्या शरीरातला सांधा त्याच वंशाचा.

चार्नली आपल्या रुग्णांची नोंद तीन गोष्टींवर ठेवत. दुखते किती, चालता किती येते आणि सांधा वळतो किती. यातली पहिली गोष्ट एक्स-रेमध्ये दिसत नाही. ती रुग्णानेच सांगावी लागते.

राहिला प्रश्न शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रींचा. अफूतून मॉर्फिन वेगळे काढले गेले ते 1804-05 च्या सुमारास, जर्मनीत. इंजेक्शनची सुई आली 1853 मध्ये. कच्चा माल मात्र आपल्याकडचा. इंदूर-उज्जैनच्या माळव्यात पिकणारी अफू कंपनीचा कर चुकवून पोर्तुगीजांच्या दमणहून चीनला जाई. मुंबईत स्थायिक झालेले गोव्याचे रोझेरियु द फारिया हे या व्यापारातले बडे नाव. माळव्यात आजही सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचला सरकारी कारखाना आहे. तरीही 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचे असे जंजाळ उभे राहिले की अनेक इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. कर्करोगाने तळमळणाऱ्यांना ते मिळेना. 2014 मध्ये दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले. कागद वाढला की माणूस मागे पडतो, हे माझ्यासारख्या कारकुनाला निराळे सांगायला नको.

आता परत आईकडे. तिसऱ्या दिवशी व्यायाम करवणारी मुलगी वॉकर घेऊन आली. आईला उभे राहता येईना. घामाने डबडबली, पण तोंडून शब्द नाही. दुखणे दाबले नाही तर रुग्ण हलत नाही, हलला नाही तर छातीत कफ साचतो, पायात रक्त गोठते. सोसणे ही इथे नुसती सवय राहत नाही, ती धोका होते. हे त्या मुलीने मला समजावले.

त्या संध्याकाळी पाळीवर एक वयस्कर सिस्टर आली. रात्रीच्या पाळीला माणसे कमी, खाटा पुष्कळ. तरी ती आईच्या खाटेवर टेकली. आकडा विचारलाच नाही. म्हणाली, "मावशे, कशें दुखता तें सांग. ठणकता, चमकता, जळटा काय ओडटा?"

आणि आई बोलली! खुब्यात ठणकते, टाक्यांकडे चमक येते, आणि पोटरी ओढते.

"पोटरी खंयची?" सिस्टरने पांघरूण बाजूला केले. उजवी पोटरी सुजलेली, हाताला गरम. तासाभरात डॉक्टर, मग सोनोग्राफी. शिरेत रक्ताची गुठळी होती. ती वर सरकून फुप्फुसात गेली असती तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितले आणि मला ते पुरेसे कळले. रक्त पातळ करणारे औषध वाढवले, दुखण्याची इंजेक्शने ठरल्या वेळी, मागण्याची वाट न पाहता, सुरू झाली. दोन दिवसांनी आई वॉकर धरून दारापर्यंत गेली.

नंतर वाचनात आले, की कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये दुखण्याचे वर्णन करणाऱ्या 78 शब्दांची एक प्रश्नावली तयार केली. दुखणे केवळ किती नव्हे, तर कसे, हे त्यांना रुग्णाकडून हवे होते. आमच्या सिस्टरने ती प्रश्नावली पाहिली होती की नाही कोण जाणे. पण आपल्या भाषेत काय कमी आहे? ठणका, कळ, चमक, शिळक, उसण, ठुसठुस, टोचणी, आग, मुंग्या, ओढ. हे शब्द आपल्या आजीपणजींनी सोसता सोसताच घडवले असणार. ते एकमेकींना सांगितले, वैद्याला कितीदा सांगितले असतील कोण जाणे.

म्हणून वाचकहो, एवढीच विनंती. घरातले वडीलधारे इस्पितळात असतील तर "बरे आहे ना?" असे विचारू नका. त्याला "बरे आहे" हेच उत्तर येते. कुठे आणि कसे दुखते ते विचारा, आणि सांगायला लाजत असतील तर त्यांच्या वतीने सिस्टरकडे अर्ज तुम्ही करा. इस्पितळ हे पाहुण्याचे घर असेल, पण तिथे मागणाऱ्या पाहुण्याचाच मान राहतो.

आई आता काठी घेऊन तुळशीपर्यंत जाते. आदोळी बंद झाली आहे, नारळ खुर्चीत बसून खवते आणि त्याबद्दल रोज कुरकुरते. सहा महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारले, "काय आजी, कुठे दुखते का?" तर तिने खुब्यापासून सुरुवात करून गुडघे, कंबर, मान आणि 1988 साली मोडलेला अंगठा इथपर्यंत सगळे सविस्तर सांगितले. बाहेर रांग होती. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. मी मात्र तिला थांबवले नाही.