ब्रँडी, लिंबू आणि एका पेल्याचें कुळ

मद्याचा इतिहास सांगणें म्हणजे मद्याची भलावण करणें नव्हे, एवढें आरंभींच सांगून टाकतों. माझी स्वतःची मजल चहापलीकडे कधीं गेली नाहीं. परंतु 'साइडकार' नांवाच्या पेयाची हकीकत मी आवडीनें वाचली, ती तींतील वादासाठीं. हा पेला प्रथम कोणीं भरला?

पेय तीनच जिनसांचें आहे: फ्रान्समधील शारांत नदीच्या कांठची कोन्याक ब्रँडी, संत्र्याच्या सालीपासून केलेलें क्वांत्रो हें गोड मद्य, आणि लिंबाचा रस. बर्फाबरोबर हलवून तें गाळतात. पुष्कळदां पेल्याची कड साखरेनें माखतात. ही साखरेची कडच त्याचें कुळ सांगते. १८६२ सालीं न्यूयॉर्क येथें जेरी टॉमस यांचें मिश्र पेयांच्या कृतींचें पुस्तक निघालें. त्यांत 'ब्रँडी क्रस्टा' ही कृति आहे: ब्रँडी, किंचित् क्युरासो, लिंबाचा रस, साखरेची कड, आणि पेल्याच्या आंत गुंडाळलेली लिंबाची साल. तिचें श्रेय न्यू ऑर्लिन्सच्या जोसेफ सांतिनी यांना देतात.

आतां नांवाकडे वळूं. पहिल्या महायुद्धाच्या काळीं पॅरिसमध्यें एक लष्करी कप्तान मोटारसायकलीच्या जोडगाडींत बसून गुत्त्यावर येई, त्यावरून हें नांव पडलें, असें डेव्हिड एंबरी यांनीं १९४८ सालच्या पुस्तकांत लिहिलें. गोष्ट गोड आहे. परंतु ती घटनेनंतर तीस वर्षांनीं कागदावर आली. उलट १९२२ सालीं हॅरी मॅकेल्होन आणि रॉबर्ट व्हेर्मेर यांचीं दोन स्वतंत्र पुस्तकें निघालीं, आणि दोघांनींहि श्रेय लंडनच्या बक्स क्लबांतील मॅक्‌गॅरी या पेयकाराला दिलें. मॅकेल्होन हा स्वतः पॅरिसमध्यें गुत्ता चालवीत असे. आपल्या गांवचा मान परगांवच्या माणसाला देणाऱ्याची साक्ष मी अधिक वजनाची मानतों. त्याच्या कृतींत तिन्ही जिनसा समभाग आहेत. १९३० च्या सॅव्हॉय पुस्तकांत ब्रँडी निम्मी झाली, आणि एंबरींनीं तर आठ भाग ब्रँडीला दोन भाग लिंबू व एकच भाग क्वांत्रो ठरविलें.

अलीकडे क्वांत्रोच्या जागीं लिमोंचेल्लो घालण्याची रीत निघाली आहे. हें मद्य नेपल्सच्या दक्षिणेकडील सोरेंतो, आमाल्फी आणि काप्री या किनारपट्टीचें. तेथील मोठ्या लिंबांची पिवळी साल तेवढी किसून मद्यार्कांत भिजत ठेवतात. पांढरा गर आला कीं कडवटपणा येतो. मग साखरेचा पाक मिसळतांच सालींतील तेलामुळें तें धुकट होतें. यांत एक गंमत आहे. लिमोंचेल्लोंत लिंबाचा सुवास असतो, पण आंबटपणा जवळजवळ नसतो. तो रसांत असतो. म्हणून लिमोंचेल्लो घातलें तरी लिंबाचा रस वगळून चालत नाहीं. शिवाय तें क्वांत्रोपेक्षां सौम्य आणि गोड, तेव्हां कडेवरची साखर कमी करावी लागते. संत्रें गेल्यावर त्याला साइडकार म्हणावें कीं नाहीं, याविषयीं जाणकार भांडतात. मला विचाराल तर क्रस्टापासूनच हा पेला बदलत आला आहे. नवें नांव देण्याचें कारण दिसत नाहीं.

लिंबू मात्र मूळचें पूर्वेकडचें. अरबांनीं तें भूमध्य समुद्राकडे नेलें, आणि इटालियन 'लिमोने' हा शब्द अरबी 'लैमून'वरून आला. मद्य आणि लिंबू यांची आपल्याकडील जोडीहि जुनी आहे. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७२ नंतर या किनाऱ्यावर होता. गोव्यांत बारदेशांतील नेरूळ येथें उत्तम अर्क निघतो, त्यापासून इंग्रज लोक 'पंच' करतात, आणि पांच जिनसांवरून हें नांव पडलें, असें त्यानें नोंदविलें आहे. ही व्युत्पत्ति सर्वांस मान्य नाहीं. परंतु नेरूळची नोंद त्याच्या ग्रंथांत आहे, आणि तो ग्रंथ १६९८ सालीं लंडनमध्यें छापला गेला.