वसईचे भग्न बंदरशहर

वसईचे भग्न बंदरशहर : पालघर जिल्ह्यात, वसई खाडीच्या मुखाशी असलेले पोर्तुगीजकालीन तटबंद शहराचे अवशेष. लोक याला ‘वसईचा किल्ला’ म्हणतात. पण तटाच्या आत रस्ते, वाडे, मठ आणि चर्च असे नांदते शहर होते, आणि ते शहर म्हणूनच पाहावे.

मोगलांच्या स्वारीच्या धास्तीने गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होती. येथे जहाजे बांधली जात. गोव्याच्या बॉम जीझस चर्चच्या बांधकामासाठी काळा दगडही येथूनच गेला.

शहराच्या तीन बाजूंना समुद्र, खाडी व दलदल असल्याने मराठ्यांच्या वेढ्याचा सगळा जोर जमिनीकडच्या बाजूवर पडला. १७३९ मध्ये मराठा सेनापती चिमाजी अप्पाच्या फौजेने तेथे मोर्चे लावले आणि तटाखाली सुरुंग खणले. काही सुरुंग उडाले ते हल्लेखोरांच्याच अंगावर. दोन्हीकडची माणसे मोठ्या संख्येने पडली. अखेर बुरुजाला खिंडार पडले आणि मे महिन्यात शहर शरण आले. पोर्तुगिजांना सन्मानाने, चीजवस्तूसह निघून जाऊ दिले गेले. विजयाच्या वर्णनात ही गोष्ट हटकून सांगायला हवी. मोहिमेत मिळालेल्या चर्चच्या घंटा नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर आणि मेणवली येथे आजही आहेत.

१७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गोडार्डने मराठ्यांकडून वसई घेतली. पेशवा दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली तो ३१ डिसेंबर १८०२ चा तह येथेच झाला.

वसई रोड स्थानकावरून किल्ला बंदरची बस किंवा रिक्षा मिळते. बहुतेक जण चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापासून सुरुवात करतात. शहराची रचना मात्र दर्या दरवाजाकडून आत येताना नीट उमगते. दरवाजाच्या लाकडी फळ्यांवर लोखंडी पत्रे आणि खिळे आहेत. बाहेर कोळ्यांच्या होड्या लागतात, काठीवर बोंबील वाळत असतात. फ्रान्सिस्कन चर्चचे छप्पर गेले असले तरी कमानी उभ्या आहेत, आणि जमिनीतील थडग्यांच्या शिळांवर कुलचिन्हे व पोर्तुगीज अक्षरे दिसतात. शिळा पायांखालीच येतात, म्हणून बाजूने चालावे. आतील नागेश्वर व वज्रेश्वरी या देवळांत आजही पूजा होते. पावसाळ्यात रान माजते व दगड निसरडे होतात. हिवाळ्यात सकाळी जाणे उत्तम.